वर्षभराचा हप्ता कापला, मग आईचा विमा १४ मार्चलाच कसा संपला?

मुलुंडपूर्व
३ मे २०२५, रात्री ११.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतो आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबेल, पण या प्रकरणात सगळा खेळ तारखांचा आहे, म्हणून क्रमाने लिहितो.

लोअर परळच्या एका खाजगी कंपनीत अकरा वर्षं हिशेब विभागात होतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तुमची जागा रद्द होतेय, राजीनामा द्या, दोन महिन्यांच्या नोटिशीऐवजी दोन महिन्यांचा पगार देतो. शेवटचा दिवस १४ मार्च.

आई ७१ वर्षांची. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडिलांसाठी वेगळा ऐच्छिक विमा होता. त्याचा हप्ता सगळा आमच्या पगारातून, कंपनीचा एक रुपयाही नाही. वर्षाचे ३६,०००, दरमहा ३,००० कापले जायचे. पॉलिसीचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट.

२२ मार्चला रात्री आईला धाप लागली. ऑक्सिजन खाली आला होता, मुलुंडमधल्या जवळच्या रुग्णालयात नेलं, न्यूमोनिया निघाला, सरळ आयसीयूत. ई-कार्ड दाखवलं. २३ तारखेला टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारी संस्था) ७५,००० ची प्राथमिक मंजुरी आली. जीव भांड्यात पडला. २६ ला दुपारी विमा डेस्कने बोलावून कागद हातात दिला: मंजुरी रद्द, 'सदस्याचे नाव १४ मार्चपासून वगळले आहे'. २८ ला आईला घरी आणलं. बिल ४,१२,०००. निम्मे भावाने दिले, उरलेल्यासाठी बायकोचे दागिने गहाण ठेवले.

हे सगळं मी नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण एप्रिलमध्ये फुल अँड फायनलचा हिशेब आला आणि त्यात ही ओळ होती: 'पालक विमा हप्ता, उर्वरित ६ महिने: १८,००० वजा'. म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंतचा हप्ता माझ्याकडून घेतला आणि विमा मार्चमध्येच बंद केला.

एचआरला विचारलं तर म्हणे तुम्ही सही केलेल्या फॉर्ममध्ये 'नोकरी सोडल्यास वर्षाचा उर्वरित हप्ता वसूल केला जाईल' असं आहे. आहे खरंच, पाहिलं मी. विमा कंपनी म्हणते नाव तुमच्या कंपनीने काढलं, त्यांना विचारा. कंपनी म्हणते दावा हा विमा कंपनीचा विषय. दोन महिन्यांचा नोटीस पगार मिळाला म्हणजे मी मेपर्यंत कंपनीचा माणूस, अशी माझी समजूत होती. ती चूक होती का? आणि आता कुठे जाऊ?

लालबागची
४ मे, सकाळी ७.१०

आधी सांगा, आई कशा आहेत आता?

मुलुंडपूर्व
४ मे, सकाळी ७.५५

बऱ्या आहेत. जिना चढताना थांबावं लागतं, पण सकाळी स्वतःचा चहा स्वतः करते. विचारल्याबद्दल खरंच आभार ताई.

टीपीएतला_जुना
४ मे, सकाळी १०.३०

अंधेरीला एका टीपीएमध्ये नऊ वर्षं काढली आहेत, त्यामुळे आतली बाजू सांगतो.

ग्रुप पॉलिसीत पॉलिसीधारक कंपनी असते. तुम्ही आणि आई फक्त सदस्य. कंपनी दर महिन्याला विमा कंपनीला दोन याद्या पाठवते, नव्याने आलेल्यांची आणि गेलेल्यांची. बहुतेक ठिकाणी या याद्या महिन्याच्या शेवटी जातात. विमा कंपनी त्यावर एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा लेखी कागद, काढते आणि नाव 'शेवटच्या कामाच्या दिवसापासून' मागच्या तारखेने वगळलं जातं. तुमच्या बाबतीत नेमकं हेच दिसतंय. २३ ला मंजुरी आली याचा अर्थ त्या दिवशी टीपीएच्या यादीत आईंचं नाव होतं. २३ आणि २६ च्या मध्ये कधीतरी तुमच्या कंपनीची यादी पोचली.

आता महत्त्वाचं. नाव वगळलं की उरलेल्या दिवसांचा हप्ता विमा कंपनी मालक कंपनीला परत देते. तो चेकने येत नाही, कंपनीच्या सीडी खात्यात जमा होतो. सीडी म्हणजे कॅश डिपॉझिट, नवीन माणसांचे हप्ते त्यातूनच वळते होतात. त्या सदस्याने वर्षात दावा केला असेल तर सहसा परतावा मिळत नाही. आईंचा या वर्षी आधी काही दावा होता?

मुलुंडपूर्व
४ मे, सकाळी १०.४२

नाही. एकही नाही.

टीपीएतला_जुना
४ मे, सकाळी १०.५०

मग बाकी सगळं बाजूला ठेवा आणि विमा कंपनीला लेखी एवढंच विचारा: माझ्या आईचं नाव वगळण्याची विनंती कोणत्या तारखेला मिळाली, एन्डॉर्समेंट कोणत्या तारखेला निघालं, आणि तिच्या नावाचा किती हप्ता कोणाच्या खात्यात कधी परत केला. तीनच प्रश्न. पैसा कुठे गेला ते कळलं की भांडण कोणाशी ते कळेल. परतावा गेला असेल तर आईंच्या नावाचा तोच हप्ता तुमच्या कंपनीकडे दोनदा आला आहे, एकदा तुमच्याकडून आणि एकदा विमा कंपनीकडून. परतावा गेला नसेल तर विमा कंपनीने पूर्ण वर्षाचा हप्ता ठेवून अर्ध्या वर्षाची जोखीम घेतली. दोन्हीपैकी एक खरं असणारच.

विक्रोळीचा_मयूर
४ मे, दुपारी १.१५

वाचनखूण साठवली. माझ्या वडिलांचंही असंच ऐच्छिक कव्हर आहे आणि कंपनीत कपातीच्या बातम्या आहेत. कोणी सांगतच नाही हे.

काळा_कोट
४ मे, रात्री ९.२०

ग्राहक आयोगात बरीच वर्षं वकिली करतो. कागद न बघता सल्ला देत नाही, पण वाट दाखवू शकतो.

तुमच्या नोटीस पगाराच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तुमच्या विरुद्ध जाईल. नोटिशीऐवजी पैसे दिले की नोकरीचं नातं त्याच दिवशी संपतं. नोटीस काळात घरी बसवलं असतं, पण नाव पटावर ठेवलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. त्यामुळे या मुद्द्यावर फार जोर देऊ नका.

तुमचा जोर आहे तो १८,००० रुपयांत आणि २३ तारखेच्या मंजुरीत. विमा कंपनीविरुद्ध दोन दरवाजे आहेत. एक विमा लोकपाल. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई देता येते, आणि ग्रुप पॉलिसीचे वादही तिथे घेतात. निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे ३० दिवसांत तो पाळला नाही तर कंपनीला रोज ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर, जीवन सेवा अ‍ॅनेक्समध्ये आहे.

दुसरा दरवाजा ग्राहक आयोगाचा. त्याला दोन वर्षांची मुदत आहे. पण तिथे आधी गेलात तर लोकपाल तुमची तक्रार घेणार नाही, म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवा. तुमच्यासारख्याने आधी लोकपाल.

मालक कंपनी लोकपालाच्या कक्षेत येत नाही. तिच्याशी आधी पत्रव्यवहार, मग वकिली नोटीस.

एक जुना निकाल माहीत असू द्या. दिल्लीच्या वीज उपक्रमातल्या एका कर्मचाऱ्याच्या पगारातून आयुर्विम्याचा हप्ता कापला जायचा, पण मालकाने तो पुढे भरलाच नाही. कर्मचारी वारला आणि विधवेला विम्याची रक्कम नाकारली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या योजनेत हप्ता गोळा करणारा मालक हा विमा महामंडळाचा एजंटच होता, त्याच्या चुकीचा भुर्दंड कर्मचाऱ्याच्या घरावर टाकता येणार नाही. तो आयुर्विमा होता, योजना वेगळी होती, त्यामुळे तो निकाल उचलून इथे चिकटवता येणार नाही. पण हप्ता पगारातून कापून घेणाऱ्या मालकाकडे न्यायालय कसं पाहतं हे त्यातून दिसतं.

एचआर_ठाणे
५ मे, सकाळी ११.०५

मी याच कामात आहे, त्यामुळे हे वाचून रात्री नीट झोप लागली नाही. आमच्याकडेही वगळायची यादी २५ तारखेला जायची. फुल अँड फायनलमध्ये उरलेला हप्ता सॉफ्टवेअर आपोआप वजा करतं आणि सीडी खात्यातला परतावा वित्त विभाग बघतो. या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे कोणाच्याच टेबलावर एकत्र दिसत नाही. मुद्दाम कोणी करत नसेल, पण ज्याचे पैसे जातात त्याला त्याने काय फरक पडतो.

मागच्या वर्षी आमच्या एका सहकाऱ्याच्या वडिलांबाबत असं झाल्यावर आम्ही पॉलिसीच्या नूतनीकरणात अट घालून घेतली: पालकांचा हप्ता कर्मचाऱ्याने पूर्ण भरला असेल तर नोकरी सोडली तरी पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत पालकांचं कव्हर चालू राहील. विमा कंपनी तयार झाली. ब्रोकरने फक्त एक पान वाढवलं. म्हणजे होऊ शकतं.

टीपीएतला_जुना
५ मे, सकाळी ११.३०

अगदी. पण पुरवणी जोडतो. ती अट पॉलिसीत लेखी हवी. काही कंपन्या कपात करताना तोंडी म्हणतात की तीन महिने विमा चालू ठेवू. पॉलिसीत तशी सोय नसेल आणि विमा कंपनीची लेखी संमती नसेल, तर माणूस नोकरीत नसताना केलेला दावा उडतो. मी असे दावे स्वतः नाकारले आहेत, नियमाने तेच करावं लागायचं. निरोपाच्या पत्रात 'विमा अमुक तारखेपर्यंत' असं आलं तर विमा कंपनीचं एन्डॉर्समेंटही मागून घ्या.

लालबागची
५ मे, दुपारी ४.२०

माझा अनुभव पांढरपेशा नोकरीचा नाही, ईएसआयचा, म्हणजे सरकारच्या राज्य कामगार विमा योजनेचा आहे. पण इथे अनेकांच्या घरी ईएसआयची कार्डं असतील, म्हणून लिहिते.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. त्यांच्या आजारपणात परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात आम्ही रांगा लावल्या आहेत, म्हणून ईएसआयशी नातं लहानपणापासूनचं. पुढे नवरा कांदिवलीच्या एका कारखान्यात लागला. पगार २१,००० च्या आत, म्हणून त्यालाही ईएसआय. कारखान्याने त्याला ऑगस्टमध्ये काढलं आणि सांगितलं, आता तुमचं कार्ड बंद. आम्ही खरं मानलं. ऑक्टोबरपासून त्याच्या मधुमेहाची औषधं बाहेरून घेत होतो, दोन-दोन हजारांची.

जानेवारीत शेजारच्या एका बाईंनी सांगितलं की अहो, असं नसतं. एप्रिल ते सप्टेंबर या काळात पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबर. नोकरी सुटली म्हणून त्याच दिवशी दार बंद होत नाही. आम्ही लोअर परळला ना. म. जोशी मार्गावरच्या पंचदीप भवनात गेलो. तिथे कळलं की पगारातून ०.७५ टक्का कापत होते, पण शेवटच्या तीन महिन्यांची वर्गणी मालकाने भरलीच नव्हती. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, तोही नाही. पगाराच्या पावत्या होत्या म्हणून अर्ज घेतला गेला. नंतर मालकाकडून वसूल केलं आणि नवऱ्याचं कार्ड सुरू झालं.

पगाराच्या पावत्या जपा. आमच्या त्या पावत्या देव्हाऱ्याच्या खणात होत्या, नाहीतर काही हाती नव्हतं.

आणि निवृत्त होणाऱ्यांसाठी: किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये काढून वयोमानाने निवृत्त झालात तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवराबायको दोघांनाही वैद्यकीय सेवा मिळते. कारखान्यात कोणी सांगत नाही. सांगायला हवं.

काळा_कोट
५ मे, संध्याकाळी ७.००

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. कापलेली ईएसआय वर्गणी न भरणं हा फौजदारी विश्वासघातही ठरतो, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. खाजगी ग्रुप मेडिक्लेमच्या हप्त्याला मात्र असं स्पष्ट कलम नाही. २१,००० च्या आत पगार असलेल्याला कायद्याचं जेवढं संरक्षण आहे, तेवढं दीड लाख पगार असलेल्याला नाही. लोकांना हे उलटं वाटतं.

१९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की आरोग्य आणि वैद्यकीय सेवा हा कामगाराच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही. त्या निकालात मालकांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपायला सांगितलं होतं. तत्त्व एवढं मोठं आहे, पण खाजगी नोकरी सोडणाऱ्याचा ग्रुप विमा पुढे चालू ठेवायला मालकाला भाग पाडणारा साधा कायदा आपल्याकडे नाही. माझ्या मते या धाग्यातल्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथे आहे.

एडिसन_व्हाया_दादर
६ मे, पहाटे ५.४५

दादरचा, गेली सतरा वर्षं न्यू जर्सीत. इकडे असा कायदा आहे, म्हणून लिहितो. त्याला कोब्रा म्हणतात, १९८५ चा कायदा. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने नोकरी सुटलेल्या माणसाला तोच ग्रुप विमा १८ महिने चालू ठेवायची संधी द्यावीच लागते. हप्ता मात्र सगळा आपण भरायचा, मालकाच्या वाट्यासकट, वर दोन टक्के. १०२ टक्के. माझी नोकरी २०२० मध्ये गेली तेव्हा तो आकडा बघून आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर गप्प बसलो होतो. बेकारीत तेवढे पैसे आणायचे कुठून? म्हणून इकडेही पुष्कळ लोक तो घेत नाहीत.

पण एक गोष्ट मुलुंडपूर्व यांच्या कामाची. निवडीसाठी ६० दिवस मिळतात, आणि निवड केली की विमा मागच्या तारखेपासून, म्हणजे जुना विमा संपला त्या दिवसापासून लागू होतो. आम्ही घ्यायचा नाही असंच ठरवलं होतं. पन्नासाव्या दिवशी बायको बर्फावरून घसरली, मनगट मोडलं. त्या आठवड्यात फॉर्म भरला, थकलेले हप्ते भरले आणि ते बिल विम्यात बसलं. अशी सोय आपल्याकडे पालकांच्या विम्याला असती तर तुमच्या आईंचा आठ दिवसांनी आलेला आजार असा वाऱ्यावर सुटला नसता.

खटले इकडेही खूप होतात, पण बहुतेक नोटिशीवरून. हक्काची सूचना वेळेत पाठवली नाही, जुन्या पत्त्यावर पाठवली, साध्या माणसाला समजेल अशी लिहिली नाही. सूचना न दिल्यास न्यायालय रोज ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला एक खटला कॅन्सरच्या रुग्णाचा होता. बायकोच्या नोकरीचा विमा तुला आधीपासून होता, म्हणून तुला कोब्रा नाही, असं मालकाने सांगितलं. कोर्टाने रुग्णाच्या बाजूने निकाल दिला. तोवर तो माणूस हयात नव्हता.

निवृत्त_बँकर
६ मे, सकाळी ९.१५

बँकेतून २०१४ ला निवृत्त झालो. आमचा किस्सा वेगळा. विमा बंद झाला नाही, चालू आहे, पण परवडत नाही. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या २०१५ च्या दहाव्या द्विपक्षीय करारापासून निवृत्तांसाठी ग्रुप मेडिक्लेम आला, पण हप्ता निवृत्ताने स्वतः भरायचा. नोकरीत असलेल्यांचा बँक भरते. दर १ नोव्हेंबरला नूतनीकरण, आणि दर ऑक्टोबरला आम्ही म्हातारे एकमेकांना फोन करून विचारतो, यंदा किती? पेन्शन तेवढीच राहते. माझ्या एका मित्राने एका वर्षी संमती दिली नाही, जमलं नाही त्याला. पुढच्या वर्षी परत घेतलं नाही. त्याच्या बायपासला मुलीने कर्ज काढलं.

संघटना लढताहेत. पण ज्यांच्यासाठी लढाई आहे त्यांचं वय ऐंशीच्या पुढे गेलं आहे.

विक्रोळीचा_मयूर
६ मे, सकाळी ९.५०

एक भाबडा प्रश्न. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मानचं वय वंदना कार्ड आहे ना, पाच लाखांचं? उत्पन्नाची अटही नाही.

मुलुंडपूर्व
६ मे, रात्री १०.००

आहे, आणि आता आईचं काढलंय. पण त्या रात्री ज्या रुग्णालयात नेलं ते त्या यादीत नव्हतं. ऑक्सिजन ८२ वर असताना यादी बघत बसता येत नाही.

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन प्रश्नांचं पत्र आज रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने पाठवलं. तक्रार अधिकाऱ्याकडे वेगळी तक्रारही केली.

मुलुंडपूर्व
४ जून, रात्री ९.३०

उत्तर आलं. जसंच्या तसं लिहितो: वगळण्याची विनंती २५ मार्चला प्राप्त. एन्डॉर्समेंट २६ मार्च. श्रीमती अमुक यांच्या नावे १७० दिवसांचा हप्ता १६,७६७ रुपये २ एप्रिलला पॉलिसीधारकाच्या सीडी खात्यात जमा.

म्हणजे माझ्याकडून १८,००० कापले आणि आईच्याच नावाचे १६,७६७ परत घेतले. हिशेब विभागात अकरा वर्षं अशाच नोंदी जुळवल्या मी. ही एक मात्र मला कधी दिसलीच नसती.

आणि वगळण्याची विनंती आई आयसीयूत असताना गेली. तिसरा दिवस होता.

दाव्याची तक्रार मात्र फेटाळली, कारण तेच, १४ मार्चपासून सदस्य नाही.

काळा_कोट
५ जून, सकाळी ८.१०

आता हातात कागद आला. कंपनीला हे पत्र जोडून लिहा, पैसे पंधरा दिवसांत मागा. लोकपालाकडे मात्र मुद्दा वेगळा मांडायचा: २२ मार्चला जोखीम चालू होती, २३ ला विमा कंपनीने ती मान्य करून मंजुरी दिली, रुग्णालयाने आणि आम्ही त्यावर विसंबून उपचार चालू ठेवले, आणि रुग्ण आत असताना मागच्या तारखेने नाव काढलं. मंजुरी वेळेत नाकारली असती तर तुम्ही आईंना महापालिकेच्या किंवा योजनेतल्या रुग्णालयात हलवू शकला असता. हे वाक्य तक्रारीत नक्की घाला. निकालाची खात्री देत नाही, विमा कंपनीचीही बाजू आहे. पण हे म्हणणं मांडण्यासारखं आहे.

मुलुंडपूर्व
२७ जून, रात्री ८.४५

कंपनी १८,००० परत द्यायला तयार आहे. पण सोबत एक कागद पाठवलाय, 'माझी कंपनीविरुद्ध व तिच्या विमा व्यवस्थेविरुद्ध कोणतीही तक्रार उरलेली नाही' असा. सही करू?

काळा_कोट
२७ जून, रात्री ८.५८

नाही. 'विमा व्यवस्था' या दोन शब्दांत तुमचे चार लाख जाऊ शकतात. फक्त '१८,००० रुपये हप्त्यापोटी मिळाले' एवढी पावती द्या.

एचआर_ठाणे
२८ जून, सकाळी १०.२०

आईंसाठी पुढचं काही केलंत का? ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा हक्क असतो, मायग्रेशन म्हणतात. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जितका झाला असेल तितका धरला जातो, आधीच्या विमा रकमेपुरता. विमा कंपनी तपासणी मागू शकते, हप्ता त्यांच्या दराने. पण अर्ज शेवटच्या दिवसाच्या आधी करायला हवा. राजीनाम्याच्या वेळी हे सांगणं आमचं काम होतं, आणि बहुतेक ठिकाणी आम्ही ते करत नाही.

मुलुंडपूर्व
२८ जून, दुपारी १२.००

मला कोणी सांगितलं नाही. आता नवीन पॉलिसी शोधतोय. न्यूमोनिया होऊन गेल्यामुळे दोघांनी नाही म्हटलं. तिसरी कंपनी देतेय, आधीच्या आजारांना तीन वर्षं थांबा. जुन्याच विमा कंपनीच्या मायग्रेशनने गेलो असतो तर आईची सहा वर्षं जमेला धरली असती. मला त्या चार लाखांपेक्षा हे जास्त लागतं.

निवृत्त_बँकर
२३ सप्टेंबर, सकाळी ७.४०

धागा वर काढतो. कालपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. आईंची पॉलिसी घेतली नसेल तर आता घ्या, १८ टक्के वाचतील.

मुलुंडपूर्व
१६ ऑक्टोबर, रात्री १०.१५

लोकपालांकडे ऑगस्टमध्ये तक्रार केली होती. आज सुनावणी झाली. दादरला गाडी बदलून सांताक्रूझला उतरलो, भाऊ सोबत होता. विमा कंपनीचे अधिकारी सज्जन होते, आवाज चढवला नाही. एन्डॉर्समेंट १४ मार्चपासून लागू, एवढंच त्यांचं म्हणणं. मला विचारलं, मी २३ ची मंजुरी आणि २५ ची विनंती शेजारी शेजारी ठेवली. त्यांना विचारण्यात आलं की मंजुरी दिली तेव्हा तुमच्या नोंदीत सदस्य होता की नव्हता? ते म्हणाले, होता. वीस मिनिटांत संपलं. निवाडा पोस्टाने येईल. आला की इथे लिहीन.

आईची पॉलिसी झाली. कंपनीकडून १८,००० आले, फक्त पावतीवर.

चेंबूरची_नवखी
१७ ऑक्टोबर, दुपारी ३.०५

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझा शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर आहे, बाबा माझ्या कव्हरमध्ये आहेत, डायलिसिस चालू आहे. मी नेमकं काय लिहून पाठवू? कृपया सांगा.

मुलुंडपूर्व
१७ ऑक्टोबर, दुपारी ३.४०

ताई, आजच पाठवा, उद्यावर ठेवू नका. एचआर, विमा कंपनी आणि ब्रोकर तिघांनाही एकाच ईमेलमध्ये. मी मार्चमध्ये जे लिहायला हवं होतं ते असं:

'माझा शेवटचा कामाचा दिवस ३१ ऑक्टोबर २०२५ आहे. माझे वडील, सदस्य क्रमांक अमुक, पॉलिसी क्रमांक अमुक, यांना आपल्याच वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन हवे आहे. हा माझा अर्ज समजावा, फॉर्म व तपासणीची माहिती तीन दिवसांत द्यावी. त्यांचे आतापर्यंतचे सलग विमा कालावधीचे प्रमाणपत्र द्यावे. त्यांचे नाव नेमक्या कोणत्या तारखेपासून वगळले जाणार ते लेखी कळवावे. माझ्याकडून उर्वरित हप्ता कापला जाणार असेल तर त्याच कालावधीचे संरक्षण चालू राहील याचे एन्डॉर्समेंट द्यावे, अन्यथा कपात करू नये. ३१ तारखेला वा त्याआधी रुग्णालयात दाखल असल्यास त्या उपचारांबाबत आपली भूमिका काय, हेही कळवावे.'

डायलिसिसची पुढची तारीख कधी आहे?

चेंबूरची_नवखी
१७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२०

सोमवारी. ईमेल गेला. विमा कंपनीकडून तक्रार क्रमांकासारखा एक क्रमांक आलाय, जपून ठेवला. एचआरने फोन केला की हे कशाला लिहिलंस, आपण बोललो असतो. म्हटलं, मॅडम, लेखीच द्या.